पेन्शन किती, यापेक्षा ती वाढते का?

काम काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, "पेन्शनचे हिशेब." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. समोरचा सरकारी नोकरीत असेल तर, "जुनी येणार का हो परत?" खासगीत असेल तर, "एनपीएसमध्ये टाकू का पैसे?" आणि रिक्षावाले काका किंवा भाजीवाल्या मावशी असतील तर त्या काहीच विचारत नाहीत. "बरं आहे बैठं काम," म्हणतात आणि विषय संपतो.

पेन्शनवर परत एकदा रान पेटलंय, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. ज्यांना घाई आहे त्यांनी शीर्षक वाचलं तरी चालेल, माझं म्हणणं तेवढंच आहे. पण ते का, हे आकड्यांशिवाय पटणार नाही.

आधी माझं काम नेमकं काय ते सांगतो. मी ॲक्च्युअरी लोकांच्या हाताखाली मॉडेल बांधतो. ॲक्च्युअरीला मराठीत विमागणिती असा छान शब्द आहे, पण तो वापरला तर लोक पॉलिसी विकायला आलाय समजतात. एखाद्या संस्थेकडून कर्मचाऱ्यांची यादी येते: जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, मूळ पगार, विवाहित की अविवाहित. त्यावरून आम्ही सांगायचं की या सगळ्यांना पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मिळून किती द्यावं लागेल आणि त्यासाठी आज किती बाजूला काढून ठेवायला हवं. त्यासाठी तीन-चार गोष्टी गृहीत धरायच्या. माणूस किती जगेल, शेवटचा पगार किती असेल, पैशावर व्याज किती मिळेल, महागाई किती वाढेल. बाकी सगळा गुणाकार-भागाकार.

महाराष्ट्रातली कुठलीही जुनी यादी उघडली की एक गंमत दिसते. जन्मतारखेच्या रकान्यात १ जूनच १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी "वय काढून" जी तारीख टाकली ती आयुष्यभर चिकटली. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी आपल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये एकाच दिवशी निरोपाच्या नारळांचा ढीग पडतो. मॉडेलच्या दृष्टीने याने फार बिघडत नाही. पण आपला सगळा हिशेब कुठल्या पायावर उभा आहे, हे ध्यानात राहतं.

आयुष्याच्या अंदाजाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, तोही इथेच काढतो. "भारतात सरासरी आयुर्मान सत्तर, म्हणजे साठीनंतर दहाच वर्षं पेन्शन द्यायची ना?" असं शिकलेले लोकही म्हणतात. तसं नसतं. सत्तर ही सरासरी जन्माला आलेल्या बाळाची, त्यात लहानपणी गेलेलेही आले. जो माणूस साठीला पोचला तो सरासरी आणखी अठराएक वर्षं जगतो. बाई त्याहून थोडी जास्त. आणि नवऱ्यापेक्षा बायको चार-पाच वर्षांनी लहान असतेच. म्हणजे एका घराला पेन्शन लागते ती पंचवीस-तीस वर्षं. त्यातला शेवटचा, सगळ्यात जास्त आजारपणाचा टप्पा बहुतेक वेळा एकट्या बाईच्या वाट्याला येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुद्द्यावर येतो. साठीच्या माणसाला दरमहा १०,००० रुपये पेन्शन द्यायची, तो वीस वर्षं जगणार, पैशावर ७ टक्के व्याज मिळतंय असं धरू. पेन्शन शेवटपर्यंत दहा हजारच राहणार असेल तर आज साधारण १२ लाख ७० हजार रुपये बाजूला ठेवले की भागतं. आता त्याच पेन्शनला दरवर्षी ५ टक्के महागाई जोडा, बाकी काही बदलू नका. रक्कम जाते १९ लाख ८० हजारांवर. दीडपटीच्याही पुढे. कागदावर दोन्ही पेन्शन "दहा हजार"च. जाहिरातीतही, मंत्र्यांच्या भाषणातही, बातमीच्या मथळ्यातही दहा हजारच दिसणार. सात लाखांचा फरक ज्या रकान्यात आहे तो रकाना मथळ्यात येत नाही.

म्हणून पेन्शन योजना बांधणाऱ्याला खर्च कमी करायचा असेल तर सगळ्यात सोपी जागा तीच. आकडा मोठा ठेवायचा आणि वाढीच्या रकान्यात शून्य टाकायचं. लगेच कोणाला कळतही नाही. कळतं दहा-बारा वर्षांनी, आणि तेव्हा तो माणूस मोर्चा काढण्याच्या वयाचा राहिलेला नसतो.

जुनी पेन्शन विरुद्ध नवी पेन्शन हे भांडणही मुळात याच रकान्याचं आहे, असं माझं मत आहे. केंद्राने १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना नव्या योजनेत घातलं, आपल्या राज्याने १ नोव्हेंबर २००५ नंतरच्यांना. जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, तीवर वर्षातून दोनदा महागाई वाढ, वेतन आयोग आला की पेन्शनही नव्याने ठरणार. कर्मचाऱ्याने त्यासाठी स्वतःचं काही भरायचं नाही. नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे आता १४ टक्के, पैसे बाजारात, आणि निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यायची. ही वार्षिकी बहुतेक जण घेतात ती सरळ रेषेची. साठीला जेवढी, ऐंशीलाही तेवढीच. वाढती वार्षिकी मिळते, पण तिचा सुरुवातीचा आकडा इतका कमी दिसतो की माणूस ती बाजूला ठेवतो. वरच्या उदाहरणातले सात लाख आठवा, म्हणजे का ते कळेल.

१४ मार्च २०२३ ला राज्यातले कर्मचारी संपावर गेले. "एकच मिशन, जुनी पेन्शन." शाळा बंद, दवाखान्यात हाल, पंचनामे रखडले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर दोन्ही बाजूंचा पाऊस पडत होता. शिक्षक मित्र पाठवत होते, "तीस वर्षं सेवा करून म्हातारपणी बाजाराच्या भरवशावर?" आणि बाकीचे पाठवत होते, "आमच्या टॅक्समधून तुमचं म्हातारपण? शेतकऱ्याला कोण देतं पेन्शन?" मला दोन्ही प्रश्न खरे वाटत होते. पण २० मार्चला संप मिटला आणि दुसरा प्रश्न त्याच दिवशी विरून गेला. तो विचारणाऱ्यांना शेतकऱ्याच्या पेन्शनशी काही देणंघेणं होतं, असं नंतर कधी दिसलं नाही. तो फक्त कर्मचाऱ्याच्या तोंडावर मारायला वापरला होता.

माझं मत सांगतो, मित्र रागावतील याची कल्पना आहे. जुनी योजना जशीच्या तशी परत आणणं मला परवडणारं वाटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एक लेख आला होता. सगळी राज्यं जुन्या योजनेकडे परतली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो, असा त्यातला हिशेब होता. यातली फसवी गोष्ट अशी की परतण्याचा निर्णय घेतला की पहिली काही वर्षं राज्याचे पैसे वाचतात. दरमहा भरायचा हिस्सा बंद होतो आणि पेन्शन द्यायची वेळ अजून लांब असते. २००५ नंतर लागलेली मोठी फौज निवृत्त होणार २०३५ च्या पुढे. आज निर्णय घेणारा तेव्हा कुठे असेल, हा हिशेब आमच्या मॉडेलमध्ये नसतो, पण निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात असतो.

पण कर्मचाऱ्यांची भीती खोटी नव्हती, हे सरकारनेच मान्य केलं. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ती उचलली. पंचवीस वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, किमान १०,०००, मागे राहिलेल्या जोडीदाराला ६० टक्के, आणि या सगळ्यावर महागाई वाढ. कर्मचाऱ्याचे १० टक्के तसेच राहिले, केंद्राचा हिस्सा १४ वरून १८.५ टक्क्यांवर गेला. माझ्या मते ही बरी तडजोड आहे. कर्मचाऱ्याने भरायचं, सरकारने भरायचं, आणि बाजाराची जोखीम म्हाताऱ्याच्या डोक्यावरून काढून सरकारने घ्यायची. वीस वर्षांच्या वादानंतर सरकारने आपल्या माणसांना जे परत दिलं त्यात मोलाची गोष्ट तो महागाईचा रकाना आहे. निम्म्या पगाराची हमी दिली असती आणि वाढ दिली नसती, तर मला नाही वाटत कोणी फटाके वाजवले असते.

(आमदारांच्या पेन्शनबद्दल लगेच लिहू नका. तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर लिहिताना मला शब्द जपून वापरता येत नाहीत.)

आता त्याच रकान्यासाठी बाकीच्यांकडे या.

माझे मामा साखर कारखान्यात होते. कुठला ते सोडा, सगळीकडे सारखंच आहे. २०१२ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू झाली, महिना बावीसशेच्या आसपास. ही ईपीएस-९५, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली भविष्य निर्वाह निधीची पेन्शन. एसटी, वीज मंडळ, साखर कारखाने, सूतगिरण्या, खासगी कंपन्या, आपल्याकडचे लाखो लोक यातच आहेत. सूत्र साधं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पण पेन्शनपात्र पगार म्हणजे खरा पगार नव्हे, त्याला मर्यादा आहे. मामांच्या वेळी ती ६,५०० होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. म्हणजे आज कोणी १५,००० च्या मर्यादेवर सलग पस्तीस वर्षं काढली तरी पेन्शन बसते ७,५००. पस्तीस वर्षं एका जागी टिकणारी खासगी नोकरी आता कोणाला मिळते, ते तुम्हीच सांगा.

मामा म्हणतात, "बावीसशे तर बावीसशे, पण तेव्हा त्यात गॅस, दूध, लाईटबिल निघायचं." ते बरोबर बोलतात. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला १०० धरला तर २०२४ मध्ये तो १९० च्या आसपास होता. म्हणजे मामांचे बावीसशे २०२४ मध्ये २०१२ च्या साडेअकराशेंएवढे उरले. पेन्शन कोणी कापली नाही, कुठलं पत्र आलं नाही, बँकेत आकडा तोच पडतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मात्र जावं लागतं.

या योजनेत सुरुवातीच्या काही वर्षांत निधीचं मूल्यांकन झालं की थोडी थोडी वाढ दिली जायची. मग मूल्यांकनात तूट दिसायला लागली आणि वाढ थांबली ती थांबलीच. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० केली, त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्याच निर्देशांकाने दहा वर्षांनी त्या हजाराची किंमत सहाशेच्या घरात आली. बुलढाण्यात या पेन्शनधारकांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं. मागणी होती ७,५०० आणि महागाई भत्ता. टीव्हीवर किती वेळा पाहिलं तुम्ही ते?

हिशेबाच्या बाजूने बोलायचं तर मला हेही सांगितलं पाहिजे की सध्याच्या हप्त्यात ती मागणी बसत नाही. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, १५,००० वर ते होतात १,२५०. सरकार वर १.१६ टक्के घालतं. एवढ्या हप्त्यात सगळ्यांना साडेसात हजार आणि वर भत्ता निघत नाही. म्हणजे सरकारला तिजोरीतून घालावे लागतील. पण "बसत नाही" हे उत्तर कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही दिलं जात होतंच की. तिथे हिस्सा साडेचार टक्क्यांनी वाढवून बसवलं. इथे कोणी बसवून बघितलेलं नाही.

आणि मामींचं काय? मामांच्या मागे मामींना निम्मी मिळेल, पण किमान हजाराच्या खाली नाही. म्हणजे अकराशे. मामी मामांपेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत आणि काटक आहेत. माझ्या मॉडेलप्रमाणे त्या पंच्याऐंशीपर्यंत सहज जातील. तेव्हा त्या अकराशेंचं काय येत असेल? मी घरी हा हिशेब कधी मांडत नाही.

ज्यांना नोकरीच नव्हती त्यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाने महिना ३७६ रुपये भरले की साठीनंतर ५,००० मिळणार. बँकेतली मुलं मन लावून खाती उघडतात, आणि काहीच नसण्यापेक्षा हे नक्कीच चांगलं. पण ते ५,००० मिळणार पस्तीस वर्षांनी. महागाई सरासरी ५ टक्के धरली तर त्यांची आजची किंमत ९०६ रुपये. श्रमयोगी मानधन आणि शेतकऱ्यांसाठीचं किसान मानधन, दोन्ही २०१९ ची, दोन्हींत ३,००० ठरलेले. तेव्हा वीस वर्षांचा असलेला मुलगा २०५९ मध्ये ते घ्यायला जाईल. त्याच ५ टक्क्यांनी ते २०१९ च्या सव्वाचारशे रुपयांएवढे असतील. "शेतकऱ्याला कोण देतं पेन्शन" याचं उत्तर हे आहे. देतात, सव्वाचारशे.

खाली अजून एक पायरी आहे. ज्यांनी कधीच काही भरलं नाही, कारण भरायला काही उरलंच नाही. शेतमजूर, ऊसतोडीला जाणारे, धुणीभांडी करणाऱ्या, टाकलेल्या बायका. आमच्याकडे येणाऱ्या यादीत ही माणसं नसतात. रुजू झाल्याची तारीख नाही, निवृत्तीची तारीख नाही, मूळ पगार नाही. शाळेत गेल्या नाहीत म्हणून १ जूनसुद्धा नाही. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ. राज्याने २०२३ मध्ये ते हजारावरून १,५०० केलं. त्यात केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये. हे दोनशे २००६ मध्ये ठरले होते. तेव्हापासून सरकारं बदलली, पक्ष बदलले, नोटा बदलल्या. दोनशे तसेच आहेत.

पुण्यात बाबा आढावांनी हमालांसाठी जे आयुष्यभर केलं त्यातली एक गोष्ट मला धंद्याच्या नजरेने फार हुशारीची वाटते. हमालाला एक मालक नसतो, मग त्याचा भविष्य निर्वाह निधी कोण भरणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर काढलं: माल उचलून घेणाऱ्याने मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि निधी, ग्रॅच्युइटी वगैरे मंडळाने बघायचं. मालक नसलेल्या माणसाला म्हातारपणाची सोय करता येते, हे आपल्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. पुढे २०१२ मध्ये पेन्शन परिषदेत बाबा आणि अरुणा रॉय यांच्यासारख्यांनी सरळ मागणी केली की प्रत्येक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन द्या आणि ती महागाईशी बांधा. लोकांना "निम्मी" ऐकू आलं. माझ्या मते महत्त्वाचा शब्द "बांधा" होता.

कारण खर्च बघा. १,५०० वर ५ टक्के म्हणजे माणशी महिना ७५ रुपये. दहा लाख वृद्धांमागे वर्षाला ९० कोटी. राज्याच्या अर्थसंकल्पात एवढी रक्कम शोधायला भिंग लागेल. तरी ते होत नाही, आणि का होत नाही याचं उत्तर मला इतकी वर्षं पैशात शोधून मिळालं नाही. ते दुसरीकडे आहे. दरवर्षी आपोआप ७५ रुपये वाढले तर त्याचं होर्डिंग लागत नाही. पाच वर्षं काहीच द्यायचं नाही आणि मग निवडणुकीच्या तोंडावर एकदम पाचशे वाढवायचे, त्याचं लागतं. हाराचा फोटो लागतो. नियमाने वाढणारी पेन्शन ही कोणाचीच मेहेरबानी नसते, आणि अडचण तीच आहे. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकावरून निघतो. मंत्री फक्त तारीख जाहीर करतात. निराधार बाईचा भत्ता मात्र मंत्र्याच्या मनावरून निघतो.

बोजा वाढेल हे खरं आहे, पुढे वृद्धच वाढणार आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९. आपण देशापेक्षा आधी म्हातारे होतोय. म्हणूनच नियम आत्ता करायला हवा. संख्या वाढल्यावर कोणी करणार नाही.

मला स्वतःला काय हवंय ते सांगून टाकतो. ७,५०० का ३,००० हा वाद चालू द्या. पण ईपीएसची किमान पेन्शन, श्रावणबाळ, केंद्राचे दोनशे, हे सगळं आज आहे त्या आकड्यापासून तरी निर्देशांकाला जोडा. कर्मचाऱ्यांना जो रकाना आहे तो सगळ्यांना द्या, मग त्यातला आकडा लहान असला तरी चालेल. कर्मचारी संघटनांनी हे आपल्या मागणीपत्रात घातलं तर पुढच्या संपाला "आमच्या टॅक्समधून" म्हणणारे निम्मे कमी होतील, हेही सांगून ठेवतो.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्याकडे अजून फारसं कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत, महिना १,५००. पासष्टी ओलांडली की त्यातून नाव जातं. पुढे श्रावणबाळ आहे, रक्कम तीच १,५००. पण तिथली उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये आहे. कुटुंबाचं. म्हणजे महिना १,७५०. चौसष्टाव्या वर्षी जी बाई महिना वीस हजारांच्या घरातली असूनही गरजू होती, ती पासष्टीला, हात चालेनासे झाल्यावर, एकदम गरजू राहत नाही. सुरुवातीला एकसष्ट वर्षांच्या असलेल्या बायका २०२८ मध्ये या काठावर येतील, आणि त्यांच्या आधीच्या त्यांच्याआधीच.

आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या आधारवर १ जानेवारी आहे, वर्ष कोणीतरी अंदाजाने टाकलेलं. पूर्वी निराधारचा अर्ज करायचा म्हणून बायका डॉक्टरकडून वय वाढवून घ्यायला धडपडायच्या, हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. परवा मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तुम्ही वयाचंच काम करता ना? आधारवर दोन-तीन वर्षं कमी करून मिळतील का?"